परीक्षण : फायनान्ससाठी नामांकित बिझनेस स्कूलचं एमबीए, नावाचे पैसे वसूल होतात का?

हे परीक्षण एका ठरावीक वस्तूचं आहे. क्रमवारीत वरच्या पंधरा-वीसांत असलेल्या शाळेचं, पूर्ण वेळाचं, दीड-दोन वर्षांचं एमबीए, आणि तेही फायनान्समध्ये काम करायचं म्हणून घेतलेलं. व्यवस्थापन शिकायला ते कसं आहे, वर्गातली चर्चा किती रंगते, हे प्रश्न इथे घेतलेले नाहीत. शाळेच्या नावासाठी जे जादा मोजावं लागतं त्याच्या बदल्यात फायनान्समध्ये नेमकं काय हाती पडतं, एवढंच तपासायचं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर नावाला किंमत आहे, पण ती भरतीच्या छोट्याशा काळापुरती आणि मोजक्या दारांपुरती. तुम्हाला त्याच दारांतून आत जायचं असेल तर ही खरेदी खरोखर चांगली आहे. तुमचं दार दुसरं असेल तर नाकापेक्षा मोती जड होणार. आणि सगळ्यांत वाईट सौदा म्हणजे मधल्या फळीतल्या शाळेला पूर्ण फी भरून जाणं. त्याबद्दल मात्र फारसं कुणी सावध करत नाही.

पैसे नक्की कशाचे पडतात

शिकवण्याचे नाहीत, हे पहिल्यांदा समजून घ्यायला हवं. भांडवलाचा खर्च कसा काढायचा, भविष्यातल्या रोख प्रवाहाचं आजचं मोल कसं धरायचं, ऑप्शनची किंमत कशी ठरते, कर्ज आणि भागभांडवलाचं प्रमाण बदललं की काय होतं, हे सगळं पाचव्या क्रमांकाच्या शाळेत आणि साठाव्या क्रमांकाच्या शाळेत जवळपास त्याच पाठ्यपुस्तकांतून शिकवलं जातं. वरच्या शाळांतले प्राध्यापक संशोधनात मोठे असतात हे खरं, पण पहिल्या वर्षाच्या कॉर्पोरेट फायनान्सच्या तासाला त्याने फारसा फरक पडत नाही.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत बाहेरून दिसत नाही, म्हणून मिळवायला अवघड अशी पदवी त्या कुवतीची खूण म्हणून काम करते. याच विचारासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. व्हार्टन (१८८१), डार्टमथचं टक (१९००) किंवा हार्वर्ड बिझनेस स्कूल (१९०८) यांच्या नावात शंभर-सव्वाशे वर्षांची ही खूण साठलेली आहे. बँकेच्या दृष्टीने प्रवेश समितीने तिचं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं, म्हणजे परीक्षेचे गुण, आधीचा अनुभव, शिफारसपत्रं आणि मुलाखत यांची चाळण होऊन गेलेली असते.

पण खूण आहे म्हणून नोकरी मिळते असं होत नाही. मधे एक यंत्रणा असते आणि खरे पैसे त्या यंत्रणेचे पडतात. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका (कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या, विलीनीकरणाचे व्यवहार जुळवणाऱ्या) दर वर्षी मोजक्याच शाळा ठरवतात. त्यांना ‘कोअर’ किंवा ‘टार्गेट’ शाळा म्हणतात. प्रत्येक शाळेसाठी बँकेत एक चमू नेमलेला असतो आणि त्यात बहुधा त्याच शाळेचे माजी विद्यार्थी असतात. हा चमू शाळेत येऊन माहितीसत्र घेतो, मुलांना फोनवर किंवा कॉफीवर भेटतो, कोण किती तयारीने बोललं याची नोंद ठेवतो, आणि त्या नोंदींवरून मुलाखतीची यादी तयार होते. यादीबाहेरच्या शाळेतला उमेदवार बँकेच्या संकेतस्थळावरून अर्ज करू शकतो, पण त्याचा अर्ज वाचायला असा चमूच नेमलेला नसतो. घोडं इथेच पेंड खातं. उमेदवार कमी पडतो असं नाही, त्याचा कागद उघडून बघणं हे कुणाचंच काम नसतं.

म्हणून क्रमवारी बघण्याआधी एक गोष्ट करा. ज्या आठ-दहा कंपन्यांत जायचं आहे त्यांच्या विद्यार्थी-भरतीच्या पानावर कार्यक्रमांचं वेळापत्रक असतं. कुठल्या शाळांत त्या सत्रं घेतात ते त्यात दिसतं. त्या शाळा वहीत उतरवा. क्रमवारीत आठ जागा वर असलेली शाळा या यादीत नसेल आणि खालची असेल, तर फायनान्ससाठी खालची शाळा सरस.

बारा-चौदा आठवड्यांची खिडकी

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएचं वेळापत्रक बघितलं की ही वस्तू कशी चालते ते लक्षात येतं. वर्ग ऑगस्टच्या आसपास सुरू होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बँकांची सत्रं लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर ओळखी वाढवण्यात जातात आणि त्याच काळात पहिल्या सत्राच्या परीक्षाही असतात. त्यानंतर अर्ज, आणि हिवाळी सुटी संपताच समर असोसिएटच्या, म्हणजे बँकेतल्या उन्हाळी इंटर्नच्या, मुलाखती. उन्हाळ्यात साधारण दहा आठवड्यांची इंटर्नशिप, आणि तिच्या शेवटी कायम नोकरीची ऑफर मिळते किंवा मिळत नाही. दुसऱ्या वर्षात नव्याने बँकेत शिरायच्या जागा फार थोड्या उरतात. थोडक्यात, दोन वर्षांची फी भरून जे घ्यायचं असतं त्याचा निर्णय शाळेत पाऊल टाकल्यापासून पाचेक महिन्यांत लागतो. अनेक कंपन्यांनी ही कार्यक्रमपत्रिका आणखी अलीकडे ओढली आहे, त्यामुळे वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यातले कार्यक्रमही आता महत्त्वाचे झाले आहेत.

इथे सगळ्यांत जास्त लोक चुकतात. ‘शाळेत गेल्यावर बघू कुठल्या क्षेत्रात जायचं ते’ असं म्हणणाऱ्याला नोव्हेंबरात बँकिंग आवडायला लागतं, तोवर नोंदवह्या भरलेल्या असतात. वरातीमागून घोडं. बँकिंग करायचं असेल तर ठरवून जायचं, आणि तयारी आदल्या जूनपासून करायची.

तयारी म्हणजे काय, त्याचा एक नमुना. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो : घसारा १०० ने वाढला आणि कराचा दर ३० टक्के असेल, तर तिन्ही पत्रकांत काय बदल होईल? उत्तर न अडखळता यायला हवं. नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा १०० ने घटतो, कर ३० ने कमी होतो, निव्वळ नफा ७० ने घटतो. रोख प्रवाहात सुरुवात उणे ७० ने होते, पण घसाऱ्यात रोख बाहेर जात नाही म्हणून १०० परत मिळवायचे, म्हणजे रोख ३० ने वाढते. ताळेबंदात रोख ३० ने वर, स्थिर मालमत्ता १०० ने खाली, एकूण मालमत्ता ७० ने खाली. दुसऱ्या बाजूला संचित नफा ७० ने खाली, आणि ताळेबंद जुळतो. मग पुढचा प्रश्न येतो : नफा घटला तर रोख वाढली कशी? तिथे ‘करात बचत झाली म्हणून’ एवढं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. हे कुठल्याही शाळेत बसून तीन आठवड्यांत पक्कं करता येतं. नामांकित शाळेतला उमेदवार या प्रश्नावर अडखळला तर नाव त्याला तारत नाही, उलट समोरचा जास्त कडकपणे बघतो, कारण त्याच शाळेचे आणखी चाळीस जण बाहेर रांगेत असतात.

हा रांगेचा मुद्दा वेगळा लक्षात ठेवायला हवा. हार्वर्डच्या एका तुकडीत नऊशेहून अधिक विद्यार्थी असतात, टकच्या तुकडीत तीनशेच्या आसपास. मोठ्या शाळेत येणाऱ्या कंपन्या जास्त, पण त्याच जागेसाठी शेजारच्या बाकावर बसलेलेही जास्त. शिवाय अनेक शाळांत गुण कंपन्यांना न सांगण्याचा नियम विद्यार्थ्यांनीच मतदानाने स्वीकारलेला असतो. व्हार्टन आणि शिकागो बूथ ही त्याची ठळक उदाहरणं. असा नियम असला की वर्गात कोण हुशार हे कंपनीला कळत नाही, मग आधीच्या नोकरीचं नाव आणि भेटीगाठी यांचं वजन वाढतं. क्षेत्र बदलून आलेल्याला हे सोयीचं की गैरसोयीचं, ते त्याच्या रेझ्युमेवर आधी काय आहे त्यावर ठरतं.

कुठल्या दाराला नाव लागतं

इन्व्हेस्टमेंट बँकेत असोसिएट म्हणून बाहेरून शिरायचं असेल तर नाव हवंच. अभियंता, लष्करातला अधिकारी, विक्री विभागातला व्यवस्थापक अशा माणसाला सव्वीस ते तीस या वयात विलीनीकरणाच्या टेबलावर बसवणारा दुसरा सरळ रस्ता जवळजवळ नाही. या एका कामासाठी ही वस्तू पूर्ण गुणांनी पास.

प्रायव्हेट इक्विटीचं, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्या फंडांचं, प्रकरण वेगळं आहे आणि तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मोठे फंड नामांकित शाळांतूनच घेतात, पण बहुतेक ज्यांना घेतात त्यांनी एमबीएच्या आधी दोन वर्षं बँकेत आणि पुढे दोन-तीन वर्षं फंडातच काढलेली असतात. म्हणजे शाळेचं नाव आहे म्हणून ते आत जात नाहीत, ते आधीच आत होते आणि आता वरच्या पदावर परतत आहेत. ब्रोशरवरचा ‘प्रायव्हेट इक्विटीत इतके टक्के’ हा आकडा बाहेरून येणाऱ्याला लागू पडत नाही. असा अनुभव नसताना याच एका ध्येयासाठी कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुंतवणूक व्यवस्थापन आणि शेअर संशोधनात जागा थोड्या, भरती विस्कळीत, आणि मुलाखतीला एखाद्या कंपनीबद्दलची तुमची स्वतःची मांडणी न्यावी लागते : व्यवसाय काय, बाजार कुठे चुकतोय, मूल्यांकन काय, आणि तुम्ही चुकलात तर कशामुळे चुकाल. इथे शाळेच्या नावापेक्षा शाळेतला कार्यक्रम महत्त्वाचा. कोलंबियात व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगचा (खऱ्या मोलापेक्षा स्वस्तात मिळणारे शेअर शोधण्याचा) कार्यक्रम आहे, पण त्यासाठी वेगळी निवड होते, शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे त्यात प्रवेश मिळाला असं नाही. बऱ्याच शाळांत विद्यार्थी खरे पैसे गुंतवतात असे फंड असतात, त्यांतही निवड होते. प्रवेशाआधी विचारायचं ते हेच : अशा कार्यक्रमाला किती अर्ज येतात आणि किती जण घेतले जातात.

क्वांट, म्हणजे गणिती मॉडेलवर चालणारं ट्रेडिंग, तिथे एमबीएचं नाव जवळपास निरुपयोगी. तिथे गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांतली पदवी आणि कोड लिहिण्याचा हात लागतो. जोखीम व्यवस्थापन, कर्जाचं मूल्यमापन, कंपनीच्या आतला वित्त विभाग, ट्रेझरी, लेखापरीक्षण, विमा : इथेही नाव असलं तर बरं, नसलं तर काही अडत नाही. सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांच्या सनदेच्या) तीन पातळ्या, एफआरएमचे (जोखीम व्यवस्थापनाच्या परीक्षेचे) दोन भाग किंवा लेखापालाची व्यावसायिक पात्रता यांचं वजन तिथे जास्त पडतं. सीएफएची परीक्षा १९६३ पासून चालू आहे. संस्थाच प्रत्येक पातळीला सुमारे ३०० तास अभ्यास धरायला सांगते, आणि सनद मिळायला किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. पहिल्या पातळीलाच बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त लोक गळतात. पण नोकरी सोडावी लागत नाही, आणि खर्च एमबीएच्या तुलनेत नगण्य. फक्त एक लक्षात ठेवा : सीएफए हे ज्ञानाचं प्रमाणपत्र आहे, बँकेच्या चमूच्या नोंदवहीत ते तुमचं नाव घालत नाही. आत असलेल्याला ते वर नेतं, बाहेरच्याला आत आणण्यात कमी पडतं.

वय बावीस-तेवीस आणि अनुभव नसेल तर एमबीएचा विचारच लांबवा. त्या वयाला फायनान्सची मास्टर्स पदवी जास्त योग्य. एचईसी पॅरिस, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एमआयटी स्लोन यांच्या अशा पदव्यांतून ॲनालिस्टच्या, म्हणजे असोसिएटच्या खालच्या, पातळीवर भरती होते, आणि युरोपातल्या बँकांत तो रुळलेला रस्ता आहे.

नाव पुढे किती टिकतं

पहिल्या नोकरीनंतर नावाचा प्रभाव झपाट्याने उतरतो. तीन वर्षांनी तुम्हाला विचारलं जातं की कुठले व्यवहार पूर्ण केलेत, कुठला ग्राहक तुमच्या शब्दावर फोन उचलतो. पण पहिली नोकरी कुठे मिळाली याचा परिणाम मात्र राहतो, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पॉल ओयर यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास स्टॅनफर्डच्याच एमबीएंवर होता, म्हणजे शाळा सगळ्यांची एकच. शेअर बाजार तेजीत असताना बाहेर पडलेले थेट वॉल स्ट्रीटवर जास्त गेले, मंदीत बाहेर पडलेले कमी. आणि जे सुरुवातीला तिथे गेले ते पुढेही तिथेच राहण्याची शक्यता जास्त होती, आयुष्यभराच्या मिळकतीतही मोठा फरक पडला. शाळा तीच, कुवत साधारण तीच, फक्त बाहेर पडण्याचं वर्ष वेगळं. नाव घेताना तुम्ही या जोखमीसकट घेता, आणि तिच्यावर कुठलीही शाळा हमी देत नाही. त्यामुळे इंटर्नशिपच्या अर्जात एक दुसरा पर्याय, उदाहरणार्थ एखाद्या मोठ्या कंपनीचा वित्त विभाग, पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचा.

नाव असलं की काम चांगलं होतं का? जुडिथ शेव्हलियर आणि ग्लेन एलिसन यांनी १९९९ मध्ये म्युच्युअल फंडांच्या व्यवस्थापकांवर केलेला अभ्यास बघा. ज्या महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांचे परीक्षेतले सरासरी गुण जास्त, तिथून पदवी घेतलेल्या व्यवस्थापकांचा परतावा जोखीम वजा जाता सरस निघाला. एमबीए असलेल्यांचा वरवरचा परतावाही जास्त दिसला, पण तो त्यांनी बाजाराची जास्त जोखीम घेतल्यामुळे होता. ती वजा केली की एमबीएचा फायदा उरला नाही.

ओळखींबद्दल मात्र पुरावा नावाच्या बाजूने आहे. कोहेन, फ्रॅझिनी आणि मलॉय यांच्या २००८ च्या अभ्यासात दिसलं की फंड व्यवस्थापक आपल्याच शिक्षणसंस्थेतून आलेले अधिकारी किंवा संचालक ज्या कंपन्यांत आहेत तिथे जास्त पैसे लावतात, आणि त्या गुंतवणुकी त्यांच्या इतर गुंतवणुकींपेक्षा सरस ठरतात. म्हणजे ‘नेटवर्क’ हा शब्द ब्रोशरमध्ये उगाच छापलेला नसतो. पण ते आपोआप मिळत नाही. ते तुमच्या तुकडीतल्या, तुमच्याच क्षेत्रात गेलेल्या पन्नास-साठ जणांचं असतं, आणि त्याची फळं दहा-पंधरा वर्षांनी लागतात.

क्रमवारीचा आकडा आणि नोकरीचा अहवाल

फायनान्शियल टाइम्सची एमबीए क्रमवारी १९९९ पासून निघते. तिच्यात पगार मोजतात तो पदवीनंतर तीन वर्षांनी, वेगवेगळ्या देशांतल्या क्रयशक्तीनुसार जुळवून. शिवाय संशोधन, विविधता, आणि अलीकडे शाळेचं कार्बन उत्सर्जन यांनाही गुण आहेत. यात वाईट काही नाही, पण बँकेच्या यादीत शाळा आहे की नाही हे त्यातून कळत नाही. सहाव्या आणि अकराव्या क्रमांकातला फरक फायनान्ससाठी बहुधा शून्य असतो. दहाव्या आणि चाळिसाव्यातला मात्र फार मोठा.

खरी माहिती असते ती शाळेच्या नोकरीच्या अहवालात, आणि तो वाचायची एक पद्धत आहे. समजा तुकडी ३०० ची. अहवालात लिहिलंय की तीन महिन्यांत ८७.५ टक्क्यांना ऑफर मिळाली. हे टक्के कशाचे, ते आधी बघा. त्यात कंपनीने पाठवलेले ४० जण आणि स्वतःचा व्यवसाय सुरू करणारे २० जण वगळलेले असतात. उरले २४०, त्यांतल्या २१० जणांना ऑफर. आता ‘फायनान्स ३० टक्के’ म्हणजे नोकरी घेतलेल्यांतले, ६३ जण. या ६३ मध्ये बँकिंग किती, गुंतवणूक किती, फिनटेक किती, कंपन्यांचे वित्त विभाग किती, ही फोड बघा. बँकिंगचे ३० निघाले, तर मोठ्या बँकांत किती आणि चार माणसांच्या सल्लागार कंपनीत किती, हे कंपन्यांच्या यादीवरून अंदाजा. काही अहवाल ‘शाळेमार्फत मिळालेली नोकरी’ आणि ‘विद्यार्थ्याने स्वतः शोधलेली’ असे दोन आकडे देतात. तुम्ही पैसे पहिल्या आकड्याचे भरत आहात. पगाराचा मध्यांक बघा, सरासरी नको, कारण दोन-तीन मोठे पगार तिला वर खेचतात. आणि रुजू होतानाचा बोनस किती जणांना मिळाला ते टक्के बघा, फक्त रक्कम नको.

एका वर्षाचा अहवाल पुरेसा नाही. तेजीचं एक आणि मंदीचं एक, असे दोन शेजारी ठेवा. मंदीतही ज्या शाळेचा बँकिंगचा आकडा फार घसरला नाही, तिचं नाव खरं टिकाऊ.

हिशेब

आता पैसे. कुठल्याही चलनात चालावं म्हणून आजचा वार्षिक पगार १०० धरू. कर ३० टक्के, पगारवाढ वर्षाला ८ टक्के. दोन वर्षं नोकरी सोडल्यावर करानंतरचं सुमारे १४६ उत्पन्न बुडतं. नामांकित शाळेची फी २५० धरली आणि इंटर्नशिपचे २५ वजा केले, तर एकूण खर्च ३७१. बाहेर पडल्यावर पगार २२० मिळाला, पण नोकरी सोडली नसती तरी तो ११७ झालाच असता, म्हणून फरक १०३ चा, करानंतर ७२ चा. व्याज न धरता खर्च भरून यायला पाच वर्षांहून थोडं अधिक. निम्मी शिष्यवृत्ती मिळाली तर साडेतीन वर्षांच्या आत.

मधल्या फळीतली शाळा घ्या. फी २००, नंतरचा पगार १६०, इंटर्नशिपचे १५. खर्च ३३१, पण दर वर्षी करानंतरची भर फक्त ३० ची. अकरा वर्षं. त्याच शाळेत फी पूर्ण माफ झाली तर खर्च १३१ आणि साडेचार वर्षांच्या आत वसूल. तीच शाळा, तेच वर्ग, पण एक सौदा चांगला आणि दुसरा गळ्यात धोंडा. म्हणून मधल्या शाळेचा प्रवेश हाती असेल तर शिष्यवृत्तीसाठी घासाघीस करा. दुसऱ्या शाळेचं शिष्यवृत्तीचं पत्र जोडून लेखी विनंती करायची, आणि ती अनामत भरायच्या आधी. अनामत भरली की तुमच्या हातात काही उरत नाही. हे आकडे कागदावर तुमचे स्वतःचे घालून पुन्हा मांडा. सर्वांत जास्त चूक ‘नंतरचा पगार’ या ओळीत होते, कारण तिथे सगळे शाळेचा मध्यांक लिहितात. तिथे तुमच्या हव्या त्या क्षेत्रातला, खालच्या चतुर्थकातला (सर्वांत कमी पगाराच्या पाव जणांतला) आकडा लिहा. काही अहवालांत तो दिलेला असतो.

उणिवा, ज्या घेण्याआधी माहीत हव्यात

एका वर्षाच्या कार्यक्रमात बहुधा इंटर्नशिपला जागा नसते. क्षेत्र बदलणाऱ्याला इंटर्नशिप हाच पूल असल्यामुळे हा दोष मोठा आहे. फ्रान्सच्या इन्सियाडच्या अशाच कार्यक्रमात जानेवारीच्या तुकडीला उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते, ऑगस्ट-सप्टेंबरच्या तुकडीला तशी सोय नसते. तीच शाळा, तीच पदवी, पण फायनान्समध्ये नव्याने शिरणाऱ्याने जानेवारीच निवडावा.

नामांकित शाळेचं एक्झिक्युटिव्ह एमबीए किंवा काही आठवड्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र यांत नाव तेच छापून येतं, पण बँकांच्या भरतीच्या यंत्रणेत प्रवेश नसतो किंवा फार मर्यादित असतो. पदोन्नतीसाठी, किंवा मालकाने खर्च उचलला असेल तर ठीक. क्षेत्र बदलायला हे घेऊ नका.

परदेशात शिकणाऱ्यांनी व्हिसाचा नियम अभ्यासक्रमाच्या नावाइतकाच बारकाईने वाचावा. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने. एकाच शाळेत एका विषयगटाला ही नोंद असते आणि दुसऱ्याला नसते, असंही होतं. प्रवेशपत्रावर वर्गीकरणाचा संकेतांक काय आहे ते लेखी विचारून घ्या.

शाळेत विषय निवडताना नावावर विसंबून सोपे विषय घेणं ही आणखी एक चूक. बर्ट्रंड, गोल्डिन आणि कॅट्झ यांनी २०१० मध्ये शिकागो बूथच्या पदवीधरांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो मुख्यतः स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतल्या तफावतीचा होता, पण त्यात हेही दिसलं की ही तफावत समजावून सांगणाऱ्या कारणांत फायनान्सचे किती विषय घेतले आणि एमबीएत गुण किती, याचाही वाटा होता. म्हणजे एकाच शाळेच्या शिक्क्याखालीही काय शिकलात याने फरक पडतो. आर्थिक पत्रकांचं विश्लेषण, मूल्यांकन, कर्जरोखे आणि विलीनीकरणाचा हिशेब, हे चार विषय पहिल्या तीन सत्रांत संपवावेत.

शेवटचं काम अनामत भरण्याआधीचं. शाळेच्या प्रवेश कार्यालयाशी नव्हे, तर दुसऱ्या वर्षात असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. एकाला बँकेची ऑफर मिळालेली असावी, दुसऱ्याने प्रयत्न करूनही न मिळालेली. शाळेच्या फायनान्स क्लबचे पदाधिकारी अशी नावं काढून देतात. पहिल्याला विचारा की पहिला फोन कोणत्या महिन्यात केला आणि मुलाखतीपर्यंत एकूण किती जणांशी बोलावं लागलं. दुसऱ्याला विचारा की किती जण या रांगेत होते, किती जणांना जागा मिळाली, आणि तो आता कुठल्या कंपनीत रुजू होणार आहे. दुसऱ्याने सांगितलेली ती नोकरी तुम्हाला एवढ्या फीनंतरही चालणार असेल, तर अनामत भरा.